शिंप्याच्या लेकीची उंची

दिवा बारीकच राहू दे. आणि तो मोबाईल उलटा ठेव रे, तोंडावर उजेड पडतोय. आधीच सांगतो, किंचाळणारं भूत हवं असेल तर उठून जा. ही माझ्या ओळखीच्या शिंप्याची गोष्ट आहे. माझे सदरे तोच शिवतो. माणूस मितभाषी, पण पदरचं घालून सांगणारा नव्हे.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली अमावास्या, शनिवार.

शिंप्याला एकुलती एक लेक होती. दर वाढदिवसाला तो तिला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी करायचा, डोक्यावर तळहात आडवा धरायचा आणि छोट्या कात्रीच्या टोकानं लाकडावर खूण करायचा. पोरगी लबाड. हळूच टाचा उचलायची. "टाचा टेकव गं, चोरटे!" हे दर वर्षीचं ठरलेलं. सहावं लागलं आणि त्याच वर्षी ती तापानं गेली.

पुढं रस्ता रुंद करायला ते घर पाडलं. सामान हलवताना बायकोनं विचारलं होतं, "चौकट काढून घेऊ या का?" हा म्हणाला, "नको. रोज डोळ्यांसमोर कशाला?" गेली चौकट भंगारात. बायको त्यावर चकार शब्द बोलली नाही, आणि ते न बोलणंच याला आतून खात राहिलं.

त्या शनिवारी लेकीचा वाढदिवस होता. बायको म्हणाली, "आपली चौकट जोडकाकाकडं आहे म्हणतात. तेवढी आणून द्या. माझ्याकडं तिचं दुसरं काही उरलं नाही हो."

दुकान बंद करून हा तसाच निघाला. कात्री खिशातच राहिली.

जोडकाका म्हणजे गावाबाहेरचा एक अवलिया म्हातारा. पाडलेल्या घरांचं उरलंसुरलं आणून त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं होतं. भिंतीत मोडक्या बसच्या काचा, छपराला शाळेचे फळे, एकावर अर्धवट सोडलेला भागाकार अजून तसाच. एक जिना वर चढून सरळ भिंतीला जाऊन थांबायचा. शिंपी बघतच राहिला तसा म्हातारा हसला. "जिना आधी मिळाला. खोली मिळायचीय अजून!"

शिंपी कशाला आलाय ते ऐकल्यावर मात्र म्हाताऱ्याचं हसू मावळलं.

"न्या की. तुमचीच आहे," म्हणाला आणि पहार घेऊन मागच्या खोलीकडं निघाला.

शिंप्यानं बॅटरी धरली. चौकट तीच. पोपडे आलेला हिरवा रंग तोच. खुणाही त्याच्याच हातच्या, शेवटची त्याच्या कमरेला लागणारी.

तिच्या वर आणखी खुणा होत्या.

"या कुणी केल्या?"

म्हाताऱ्यानं खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी एकटा राहतो. पोर कुठलं इथं? दर वर्षी एक वाढते. याच सुमाराला... मी विचारत नाही."

"या वर्षीची?"

"अजून नाही..."

म्हाताऱ्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली.

चौकटीचं लाकूड कुरकुरलं. कुणी पाठ टेकल्यावर कुरकुरतं, तसं.

शिंप्यानं हात पुढं केला. सवयीनं. तळहात आडवा. सगळ्यात वरच्या खुणेच्याही वर...

हाताला केस लागले.

तो ओरडला नाही. पळाला नाही. एवढंच बोलला...

"टाचा टेकव गं..."

आणि तळहात खाली आला. बोटभर.

त्यानं कात्री काढली. खूण वाकडी आली. मग हाताखाली काही नव्हतं... नुसतं लाकूड.

"काका, चौकट काढू नका," तो म्हणाला. "इथं बरी आहे ती."

घरी बायको दारातच उभी होती. हात रिकामे बघून तिचा चेहरा पडला.

"नाही आणलीत?"

"ती वाढतेय गं," तो म्हणाला, आणि उंबऱ्यातच बसून लहान पोरासारखा रडला. तीही रडली. इतक्या वर्षांत दोघं एकत्र रडली नव्हती. मग तिनं डोळे पुसले, टेप काढली आणि म्हणाली, "किती झाली? नीट माप सांगा."

पहाटेपासून मशीन चाललं. पिवळा फ्रॉक झाला. वाढत्या अंगाच्या पोरीचं शिवताना सोडतात तशी खाली रुंद दुमड सोडली, आणि ती आईनं हातशिलाईनं घातली. दोघांनी जाऊन तो चौकटीशेजारच्या खिळ्याला अडकवला.

या फेब्रुवारीत ती दोघं पुन्हा गेली. मी बरोबर होतो, म्हणून सांगतो. जोडकाका म्हणाला, फ्रॉकला कुणी हात लावलेला नाही. आणि त्याला काय जमणार, त्याला सुई-दोऱ्यानं शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. फ्रॉक खिळ्यावर होता तसाच. आईनं तो खाली घेतला, छातीशी धरला, मग खालची कड चाचपली... आणि तिथंच थांबली.

दुमड उसवलेली होती. कापड कुठं फाटलं नव्हतं, टाके तेवढे एकेक करून काढलेले. फ्रॉक चार बोटं लांब झाला होता.