पिवळी रेघ

‘समोरच्याला समोरचा, शेजारी तो थांब...
हळू हळू आवळ बाई, वाट आहे लांब!’

अण्णांचा हा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी उभ्या टायरएवढी होते. माझे वडील चाकाचे नट आवळत गात होते. गाणं कसलं, कामाची रीतच ती. एक नट आवळला की शेजारच्याला हात लावायचा नाही, समोरचा धरायचा; नाहीतर चाक तिरकं बसतं. पहिली ओळ अण्णांची, दुसरी आईची. चहाचे कप घेऊन ती दारात यायची आणि तिथूनच ओळ उचलायची. मग मधेच माझा चिरका सूर...

पुढे आई गेली. अण्णांचे गुडघे गेले. दुकान माझ्या हाती आलं. नट मी समोरासमोरच आवळत राहिले, पण मुक्यानं. आठ वर्षं.

आणि मग एका दुपारी — ना ढग, ना वारा, काही म्हणजे काही सुचवणारं नाही — तो आला.

पंक्चर शोधायला मी टाकीच्या पाण्यात ट्यूब बुडवली होती. बुडबुड्यांवरून नजर वर गेली ती गेलीच. दारात एक लहानशी पांढरी गाडी, आणि तिच्या मागच्या सीटवर दोन भलीमोठी काळी चाकं. चक्क सीटबेल्ट लावून बसलेली!

“पाहुण्यांना उतरवायचं का?” मी विचारलं.

“अलगद हं,” गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला. “नवी आहेत, लाजतात. अजून दोन डिकीत आहेत. मिस्त्री कुठे भेटतील?”

“तुमच्याशीच बोलतायत.”

त्याच्या भुवया पार केसांना जाऊन टेकल्या. “म्हणजे... तुम्ही?”

“का? हात पुरेसे काळे नाहीत वाटतं? थांबा, संध्याकाळपर्यंत होतील.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा खुदकन हसले. किती दिवसांनी!

पेशानं तो मोजणीदार. जमिनी मोजायचा. बुटांवर माती, कमरेला फीत. लोकांच्या बांधांची भांडणं बोटा-बोटानं सोडवणारा हा माणूस, आणि स्वतःच्या गाडीला चाकं घेताना त्यानं एकही माप घेतलं नव्हतं.

“किती इंची?”

“सतरा.”

“आणि गाडीची मूळची?”

“चौदा. पण नटांची भोकं दोन्हींना चार-चारच आहेत. मोजली मी!”

“बोटं सगळ्यांच्याच पायांना पाच असतात. म्हणून कुणाचाही बूट घालाल?”

तो ओशाळला, पण हसलाही. मी एक चाक चढवलं. नट बसले. त्यानं विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

“आता आत बसा आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवा.”

त्यानं फिरवलं... आणि कर्रर्र! टायरनं आतल्या प्लॅस्टिकला असा चावा घेतला की त्यानं दोन्ही हात वर केले. जणू गाडीच त्याला चावली होती.

“हे काय झालं?”

“चाक नुसतं मोठं नाही, बाहेरही येतंय. चाकानं किती आत बसावं, किती बाहेर यावं, याचंही माप असतं. ऑफसेट म्हणतात त्याला. खड्ड्यात गेलात की वरचा पत्रा टायर कापणार. शिवाय उंची वाढली, म्हणजे काटा साठ दाखवेल आणि तुम्ही सत्तरनं जात असाल. ही राहू द्या. जुनीच बरी.”

त्यानं बुटावरची माती झटकली. मग हळूच म्हणाला, “जुनी... देऊन टाकली. घेणारा उद्या सकाळी न्यायला येतोय.”

हातातला पाना टाकीत पडला. पाणी उडालं, थेट माझ्या तोंडावर. “नवी बसतात की नाही हे बघायच्या आधीच?”

“शब्द देऊन बसलो. आता फिरवता येणार नाही.”

असला माणूस मी पाहिला नव्हता. मी चेहरा पुसला आणि मागच्या खोलीतून चौदा इंची चार जुनी चाकं आणली. “नीट निवड होईपर्यंत ही वापरा. आणि एकटे खरेदीला जाऊ नका. पायात काय घालायचं ते गाडीला विचारावं लागतं.”

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. गाडीला विचारायला.

चाकाच्या कमानीखाली आम्ही दोघं वाकायचो. मधे त्याची फीत. टोक त्याच्याकडे, आकडा माझ्याकडे.

“किती?”

“बासष्ट मिलिमीटर.”

“असं कसं? मला अंतर कमी वाटत होतं.”

“फितीला विचारा.”

“फीत तुमच्या बाजूची झालीय.”

एकदा त्यानं रस्त्याकडेला आपली तिपाई मांडली आणि मला दुर्बिणीतून बघायला लावलं. टेकडीवरच्या झाडाचं पान न् पान समोर आलं.

“लांबचं जवळ दिसतं,” तो म्हणाला.

“आणि जवळचं?”

“जवळचं धूसर. त्यासाठी थोडं मागे सरावं लागतं.”

मी मागे सरले. तो दिसला. अगदी स्वच्छ दिसला... मी घाईनं आत जाऊन उगाच नट आवळायचे पाने पुसत बसले.

अखेर चाकं ठरली. पंधरा इंची, चंदेरी. ऑफसेट कंपनीच्या मापाला धरून. टायरची भिंत थोडी बुटकी, म्हणजे एकूण उंची चौदाएवढीच राहते आणि काटा खोटं बोलत नाही. वजन पेलण्याचा आकडा पाहून घेतला. राहिलं मधलं भोक. बाहेरून घेतलेल्या चाकांचं हे भोक जरा सैलच असतं, पुष्कळ गाड्यांना चालावं म्हणून. ती फट भरायला बांगडीएवढी एक रिंग लागते. ती नसेल, तर चाक केसभर इकडेतिकडे बसतं आणि वेगात स्टेअरिंग थरथरतं. मी चारही रिंगा बसवल्या.

“एक चाक मी आवळू?” त्यानं पाना उचलला. एक नट आवळला आणि सरळ शेजारच्याकडे वळला.

“अहो, शेजारचा नाही! समोरच्याला समोरचा, शेजारी तो थांब—”

मी थबकले. तो आवाज माझा होता? आठ वर्षांनी, असा कुठल्या कपारीतून निघाला? अण्णांची खुर्ची करकरली.

“पुढे?” त्यानं हलकेच विचारलं.

“हळू हळू आवळ बाई...” म्हणताना माझे कान तापले. “पुढचं विसरले.” विसरले नव्हते.

शेवटी प्रत्येक नटावरून चाकापर्यंत मी रंगाची पिवळी रेघ ओढली. ही आमच्या दुकानाची सहीच. कुणी नट सैल केला, की रेघ तुटते, सरकते. चोरी लपत नाही.

आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. तो चावी बोटावर फिरवत उभा राहिला.

“आता परत कधी येऊ?”

“चाकं नीट बसलीयत. कशाला याल?”

“खरंच की... कशाला येऊ?” तो म्हणाला. आणि गेला.

चौथ्या दिवशी दारात पांढरी गाडी! “ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय.”

मला धक्काच बसला. आमच्या हातचं काम आजवर परत आलं नव्हतं. मी डाव्या पुढच्या चाकापाशी वाकले. पाहिलं. उठले. नट पान्यानं तपासले, चारही घट्ट. “हवा कमीजास्त असेल,” मी म्हणाले. “चाक काढायची गरज नाही.” वाकून मी काय पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा.

हवा भरली. चहा झाला. आठवड्यानं तो पुन्हा आला, मग मी अलाइनमेंट केलं. पुन्हा चहा, पुन्हा तीच हसरी कुरकुर. “गाडीला तुमची सवय लागली बहुतेक.” रात्री भांडी घासताना माझ्या ओठांवर दुसरी ओळ यायची, आणि मी नळ मोठा सोडायची.

तिसऱ्या खेपेला तो हसत नव्हता.

“आई मागे बसली होती,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. “घाटाच्या उतारावर स्टेअरिंग असं थरथरलं की ती किंचाळली. लागलं नाही कुणाला. पण कालपासून ती गाडीकडे बघतसुद्धा नाही.”

मी तडक चाक काढलं. रिंग नव्हती! तीन चाकांना होती, या एकाला नव्हती.

“रिंग कुठाय?”

“कसली?”

“रेघ सरकलीय. चाक कुणीतरी उघडलंय, आणि गाडी तुमच्याकडे असते!” माझा आवाज चढत गेला, मला थांबवता येईना. “यायला निमित्त हवं होतं? सरळ यायचं होतं ना! आईला गाडीत बसवून असले खेळ करायचे?”

तो एक पाऊल मागे सरला. कानफटात बसल्यासारखा.

“मी आजवर एकही माप खोटं लिहिलं नाही,” तो म्हणाला. “आणि तुम्हाला... तुम्हाला वाटलं मी...” त्यानं चावी माझ्या हातात दिली नाही. टायरवर ठेवली. “गाडी राहू द्या इथेच. खात्री पटली की सांगा.”

पायीच गेला. वळणापर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

“पोरी,” मागून अण्णांचा आवाज आला. “इकडे ये जरा.”

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. आत चष्मा नव्हता. रिंग होती.

चाकाशी खोटं बोलू नकोस, हे ज्यांनी मला अक्षरांच्या आधी शिकवलं, ते माझे अण्णा?

“तुम्ही दोघं चहाला गेला होतात तेव्हा काढली. नट माझ्या हातानं आवळले, समोरासमोर. चाक निसटणार नव्हतं, जरा थरथरलं असतं इतकंच. वाटलं, दुसऱ्या दिवशी येईल, तुला सापडेल, दोघं हसाल.”

“गुडघे धड वाकत नाहीत तुमचे!”

“वाकले त्या दिवशी.”

“का पण, अण्णा?”

ते रिंग बोटानं फिरवत राहिले. “तू गायलीस गं. तुझी आई गेल्यापासून या दुकानात पाना वाजतो, कॉम्प्रेसर वाजतो. माणूस वाजला नव्हता. म्हटलं, हा पोरगा अजून दोनदा यावा... त्याची म्हातारी गाडीत बसेल हे नाही आलं डोक्यात. चूक झाली. जाऊन सांग त्याला.”

मी ओरडणार होते. पण खरं सांगायचं तर ओरडायचा अधिकार मला होता कुठे?

रिंग बसवली. चाक चढवलं. नवी पिवळी रेघ ओढली. आणि त्याची गाडी घेऊन निघाले. मोकळ्या रस्त्यावर काटा ऐंशीवर गेला, नव्वदवर गेला. स्टेअरिंग हातात साय धरलेल्या दुधासारखं शांत. थरथरत होते ती मीच.

गावाबाहेरच्या माळावर तो खुंट्या ठोकत होता. मला पाहून उठला, पण पुढे आला नाही.

“गाडी बरी झाली,” मी चावी पुढे केली. “रिंग अण्णांनी काढली होती.”

“अण्णांनी?” हातातली खुंटी खाली पडली. “तुमच्या अण्णांनी? का?”

“तुम्ही परत यावं म्हणून.” मी मान खाली घातली. “तुमच्या आईंची माफी मागायला अण्णा स्वतः येणारेत. मीही येते. आणि मी जे बोलले ते...”

मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत हसू उतरलं, आणि तो असा हसत सुटला की तिपाई सावरावी लागली.

“गुडघे दुखतात ना त्यांचे?” त्यानं डोळे पुसले. “जाऊ द्या. घाबरून बोलला असाल. कुणीही रागावलं असतं. चूक अण्णांची, तुमची काय त्यात?”

झालं होतं. सगळं मिटलं होतं. नुसतं हसून मान हलवायची होती. त्याला कधीच कळलं नसतं. माळावर गवत सळसळत होतं. आमच्या मधे त्याची फीत पडली होती. टोक त्याच्या पायाशी, आकडा माझ्या.

“माझीही आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“चूक. पहिल्यांदा गाडी थरथरते म्हणून आलास ना... तेव्हाच वाकून पाहिलं होतं मी. पिवळी रेघ सरकलेली दिसली होती. कुणी चाक उघडलं ते माहीत नव्हतं, पण उघडलंय हे कळलं होतं. चाक काढलं असतं तर पाच मिनिटांत गाडी बरी झाली असती. मी काढलं नाही. हवा भरली. मग अलाइनमेंट केलं. तुझ्यावर ओरडले ना, ते खरं माझ्यावरच...” मी पायाशी पडलेली फीत उचलली. “गाडी बरी झाली असती, तर तू आला नसतास. आणि तू यावंस असं अण्णांच्याही आधी मला वाटत होतं.”