उजवीकडे चढणारी शिडी

सिद्धीच्या स्कूटरचं स्टँड मोडलं ते नेमकं गौरेशच्या वर्कशॉपसमोर... आणि तेही डिचोलीचा बाजार ऐन भरात असताना! वेल्डिंगचा काळा मुखवटा वर सारून तो बाहेर आला. घामेजलेलं कपाळ, गालावर काजळी, आणि डोळे असे हसरे की आपण कशासाठी थांबलोय हेच तिला क्षणभर आठवेना.

"स्टँड मोडला, नाय?" त्यानेच आठवण करून दिली.

आत एका गोल जिन्याचं काम चाललं होतं. ते पाहून सिद्धी हरखलीच. हायस्कुलात ती जीवशास्त्र शिकवायची, आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला डीएनएची माणसाएवढी शिडी करून हवी होती. तिथल्या तिथे तिने कागदावर चित्र काढून दिलं. चार वर्षं फळ्यावर काढत आली होती, तेच.

मग रोज शाळा सुटली की स्कूटर आपसूक तिकडे वळू लागली. पायऱ्यांना चार रंग लागले. तांबड्याची जोडी हिरव्याशी, निळ्याची पिवळ्याशी.

"तांबड्याक हिरवोच व्हयो? पिवळो चलाचो नाय?"

"ना. मुळींच चलचो ना!"

"हट्टी दिसतत," तो हसला.

माणूस घडवायच्या सगळ्या सूचना या पायऱ्यांच्या क्रमात असतात; एका पेशीच्या दोन व्हायच्या झाल्या की शिडी मधोमध उघडते आणि प्रत्येक बाजू आपला जोडीदार नव्याने घडवते, हे तिने त्याला मोठ्या हौसेने सांगितलं.

"म्हणजे आपल्याक कोण व्हया, ता अर्ध्याक ठावक असता?"

"असता..." सिद्धी उगाच किल्ली शोधू लागली. ती हातातच होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शिडी तयार झाली. सिद्धीने पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. पीळ तिच्या चित्राच्या अगदी उलट!

"हें कितें केलां तुमी? चित्र दिल्लें न्हय?"

"चित्र उलटा आसा, टीचर. स्क्रूचे आटे चढतत, तशी ही पुढसून उजवीकडे चढता. मी पुस्तकांत बघलंय."

"धावी नापास वेल्डर आतां म्हाका डीएनए शिकयतलो?"

कामगारांचे हात थांबले. दहावीत नापास झाल्याचं त्यानेच तिला कधीतरी हसत सांगितलं होतं. गौरेशचे वडील सावंतवाडीहून इथे गोव्यात खाणीवर ट्रक चालवायला आलेले. खाणी बंद पडल्यावर हे वर्कशॉप त्याने एकट्याने उभं केलं होतं. "सकाळी पोचती करतंय," एवढंच म्हणून त्याने मुखवटा खाली ओढला.

मुळगावला घरी येऊन सिद्धीने पुस्तक उघडलं. गौरेशचं बरोबर होतं! चार वर्षं ती पोरांना उलटी शिडी शिकवत आली होती. तिला रडूच आलं... आपल्या चुकीमुळे कमी आणि त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यामुळे जास्त.

दुसऱ्या दिवशी परीक्षक शिडीभोवती दोनदा फिरले. "पीळ अचूक उजवा! बरेच जण इथेच चुकतात."

"आमच्या सिद्धी टीचरची नजर आहे ती," हेडमास्तर फुशारले.

ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण शिडीचे बोल्ट आवळून गौरेश मुकाट्याने दाराकडे निघाला होता.

"नाही सर!" तिचा आवाज हॉलभर गेला. "माझं चित्र चुकीचं होतं. ते सुधारलं या गौरेशनी. मी उलट त्यांचाच अपमान केला."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. परीक्षकांनी पुढे होऊन गौरेशचा हात हातात घेतला, आणि पोरांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. सिद्धीचा ऊर अभिमानाने भरून आला. स्वतःचं बक्षीस घेतानाही तिला कधी इतकं भारी वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "चित्रा प्रमाण केल्लें जाल्यार काम सोंपें आशिल्लें. इतलीं पुस्तकां कित्याक चाळलीं?"

त्याने हातातला पाना खिशात घातला. "तुमका कोणी हसलेला... माका सोसला नसता."

सिद्धीने डोळे पुसले. "आयतारा घरा येशात? बाबाक तुमचें नांव सांगपाचें आसा."

"वेल्डर म्हणान?"

तिची मान ताठ झाली. "आदीं गौरेश म्हणून. आनी मागीर वेल्डर म्हणून... आख्ख्या मुळगावाक आयकूं येवचें, अशें!"