सातव्या भोकातला निळा चिखल

“हरलास! घाल हात!” मिरन ओरडली.

“ई! पुन्हा मीच?” स्ट्रुअनने नाक दाबलं, सातव्या भोकात दोन बोटं घातली आणि चेंडू उपसून काढला. चेंडूला निळसर चिखल लागला होता. वासाचं मी काही सांगत नाही. तुम्हांला अजून जेवायचं असेल.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्डब्रेनन गावात, मिरनचे आजोबा डूगल गोल्फची ही छोटी हिरवळ सांभाळत. चेंडू हलकेच ढकलत भोकात घालण्याचा सराव एकट्याने करायचा म्हणजे दहा मिनिटांत जांभया! म्हणून सुट्टी लागताच मिरन, तिचा मित्र स्ट्रुअन आणि त्याची बहीण इश्बेल यांनी चढाओढ लावली. कधी डाव्या हाताने, कधी डोळे मिटून; हरेल त्याने सातव्यातला चेंडू काढायचा.

पण घाण वाढतच चालली. नगरपरिषदेचे पेटिग्रूसाहेब, गावातले नावाजलेले गोल्फ खेळाडू, नाकाला रुमाल लावून रोज बजावत, “डूगल, हा तुमचा गलथानपणा! शनिवारी मी ही हिरवळ बंदच करायला लावतो!” आजोबांनी दोनदा भोक उपसून धुतलं होतं. बिचाऱ्यांची जेवणावरची वासनाच उडाली होती.

“आठवडाभर पाऊस नाही,” इश्बेल म्हणाली, “तरी सातव्याआधी चेंडू अडतो. तिथली जमीन ओली कशी?”

ओला पट्टा थेट कुंपणाकडे जात होता. पलीकडे पेटिग्रूंची नवीकोरी कॅम्पर व्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, उभी होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं झुडपात दबा धरून बसले. पेटिग्रू सपाता घालून आले, गाडीतल्या संडासाची टाकी ओढून काढली आणि शीळ घालत जमिनीवरच्या जाळीत उपडी केली. वास मारायला टाकीत घालतात ते निळं औषध, आणि त्याबरोबर... शी! पुढचं नकोच.

“ते गटार नाहीये!” मिरन कुजबुजली. “ती पावसाच्या पाण्याची नळी आहे. आमच्या हिरवळीखालून जाते, आणि फुटलेली असणार!”

स्ट्रुअन पांढराफटक पडला. “काल मी याच हाताने चिप्स खाल्ले!”

“ओकायचं तर तिकडे जा,” इश्बेल म्हणाली. “पण आपलं कोण ऐकणार?”

“त्यांच्याच तोंडून वदवू,” मिरन म्हणाली.

शनिवारी नगरपरिषदेची मंडळी जमली. मिरन पुढे झाली. “साहेब, बंद करण्याआधी एक डाव? हरेल त्याने सातव्यातला चेंडू काढायचा!”

एवढा नावाजलेला खेळाडू, पोरीला नाही कसं म्हणणार? पेटिग्रूंनी ऐटीत चेंडू ढकलला. ओल्या पट्ट्यात शिरला आणि वीतभर अलीकडेच थांबला! मिरनने जरा जोर लावला. टप्प! तिचा आत!

तोंड वेंगाडत पेटिग्रूंनी हात घातला, निळी बोटं डोळ्यांसमोर धरली आणि किंचाळले, “अरे, हे तर माझ्या गाडीच्या टाकीतलं...”

पुढचं त्यांनी गिळलं.

“हो, तुमचंच,” मिरन म्हणाली. “कुंपणामागच्या जाळीतून रोज येतंय.”

सगळे त्यांच्यापासून चार पावलं मागे सरले. अध्यक्षबाईंनी तिथेच सांगून टाकलं: हिरवळ चालू राहणार, आणि नळी पेटिग्रू स्वतः उपसणार! मग त्या आजोबांकडे वळल्या. “डूगल, उगाच तुमच्यावर आळ घेतला. माफ करा.”

“माफी पोरांची मागा, बाई,” आजोबा म्हणाले. “या घाणीचा माग त्यांनी काढला. आपण नुसती नाकं दाबली.”

बाईंनी मिरनचा हात हातात घेतला. मग इश्बेलचा. स्ट्रुअनपाशी येऊन जरा थबकल्या, पण त्याचाही घट्ट धरला.