राणी दुर्गेश्वरीचं आरमार चिखलात

"खंडणी दे, नाहीतर तोफा डागतो!" टिकेश डोंग्यात उभा राहून ओरडला. तो पोर्तुगीज होता. मनाने नव्हता, पण चिठ्ठी तशी निघाली होती.

"खंडणी कायची पाहिजे?" राणी दुर्गेश्वरीने समोरच्या डोंग्यातून विचारलं.

"टेंभरं! पिकलेली, टोपलीभर!"

"एक बी नाही भेटनार! चढवा हल्ला!"

गोंदियाहून सुट्टीला आलेल्या प्रेरणाने उल्लाळच्या राणी अब्बक्काची गोष्ट सांगितली, तेव्हापासून गावच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, हेच चाललं होतं. त्या राणीने पोर्तुगिजांना खंडणी साफ नाकारली आणि भर समुद्रात त्यांच्याशी झुंज दिली. गोंदिया जिल्ह्यात समुद्र नाही. तळी मात्र इतकी आहेत, की आजवर कुणी त्याबद्दल तक्रार केलेली नाही. रविवारी अख्ख्या गावासमोर लढाई व्हायची होती.

राणीने बांबू रेटला. डोंगा ढिम्म! पोर्तुगीज आरमारही जागच्या जागी रुतलेलं.

"काऊन वो, पुढे ये ना!" टिकेश म्हणाला.

"तूच ये ना गा!"

दुर्गेश्वरीने बांबू वर ओढला. जेमतेम गुडघ्याएवढा ओला. राज्य बुडालं तर पुन्हा घेता येतं. हे तर आटत होतं! आणि याच बोडीत तिच्या आईच्या बचत गटाने माशांची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. रोज घरच्यांच्या आधी आई त्यांना जेवू घालायची.

तिने धावत जाऊन आजोबांना, बिसरामना, सांगितलं.

"ऊन पाहून राहिली ना? ऊनच पेऊन राहिलं पानी," आजोबा खाटेवरून म्हणाले.

मग टिकेश आणि प्रेरणाला घेऊन ती नानाजींकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे गेली. मनोहरलाल म्हणाले, "म्हशी पेतात."

"म्हशी इतनं पाणी पितात?" प्रेरणाने विचारलं. "मग दूध काऊन नाही वाढलं?"

तिघं बोडीच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पलीकडे उतरली, आणि थबकली! धानाच्या शेतात चिटपाखरू नव्हतं. पण पाट दुथडी भरून वाहत होता आणि सगळं पाणी थेट नाल्यात चाललं होतं!

"तुडूम उघडंच आहे!" टिकेश किंचाळला.

तुडूम म्हणजे बोडीतून पाटात पाणी सोडायचं भोक. त्याला बुचासारखा लाकडी दट्ट्या. रिवाज असा, की दिवसाचं शेवटचं पाणी ज्याने घेतलं, त्यानेच डोंग्यातून जाऊन दट्ट्या बसवायचा. या उन्हाळ्यात पाणी घेणारे दोघंच होते, बिसराम आणि मनोहरलाल. एका लग्नाच्या पंगतीत बिसरामच्या पानात उडदाचा वडा पडायचा राहिला, आणि वाढायला नेमके मनोहरलाल होते. तेव्हापासून दोघं व्याही एकमेकांशी बोलत नव्हते. आता 'शेवटचा मी नाही, तो' म्हणून दोघंही हात झटकून घरी जात होते.

"एका वड्यासाठी बोडी रिकामी!" प्रेरणाने कपाळावर हात मारला.

"सांगून ऐकनार नाहीत," दुर्गेश्वरी म्हणाली. "राणीने बंदर बंद करायचं!"

पोर्तुगीज आरमार तत्काळ राणीला सामील झालं. तिघांनी चिखल तुडवत दट्ट्या ठोकून बसवला. पाट गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर एकदम दोन आरोळ्या उठल्या.

"दुर्गे! त्या मानसाले विचार, माह्या धानाचं पानी कायले तोडलं?"

"दुर्गे, त्याले सांग, तोडनारा तोच होय!"

"पानी राणीने तोडलं," दुर्गेश्वरी म्हणाली. "दट्ट्या काढायचा तर दोघांनी एकाच डोंग्यात बसून जायचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही; पण धान वाळत होतं. बसले, पाठीला पाठ लावून. बांबू एक धरला आजोबांनी, एक नानाजींनी. एक इकडे रेटी, दुसरा तिकडे. तुडुमाजवळच्या उरल्यासुरल्या पाण्यात डोंगा भिंगरीसारखा फिरू लागला.

"त्याले सांग, उजवीकडे!"

"त्याले सांग, उजवीकडे म्हनजे कोनाच्या उजवीकडे?"

धप्पाक! डोंगा कलंडला.

"समधीजी, मेलो जी! हात द्या!"

"धरा मले, समधीजी! सोडू नका!"

दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. बराच वेळ कुणीच बुडेना.

"आजोबा," दुर्गेश्वरी शांतपणे म्हणाली, "उभे राहा ना."

दोघं उभे राहिले. पाणी गुडघ्यालाही धड पोचत नव्हतं! कमळाच्या पानांखाली सगळा चिखल. त्यात आईची बोटुकली दाटीवाटीने तडफडत होती. पाळीवर आई, गोमती, येऊन उभी होती. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला बाप. ती खाली उतरली आणि दोघांकडे न पाहता एकेक मासा ओंजळीने पाण्यात सोडू लागली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं, असं दोघांच्या तोंडावर दिसत होतं.

त्याच दिवशी दोघांनी आपापल्या विहिरींचे पंप लावून बोडीत पाणी सोडलं. मासे तगले. रविवारी लढाई झाली, पण पोर्तुगिजांची चिठ्ठी टाकावी लागली नाही. ती जागा दोन आजोबांनी शिक्षा म्हणून घेतली, आणि राणीने त्यांना इतकं झोडपलं, की गाव शिट्ट्या वाजवून थकलं.

"पोरीनं बोडी वाचवली," लढाईनंतरच्या पंगतीत बिसराम सगळ्यांसमोर म्हणाले.

"आन् दोन म्हाताऱ्यायले बी!" मनोहरलाल म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने व्याह्यांच्या पानात दोन वडे वाढले.

आता रोज संध्याकाळी दोघंही तुडुमाकडे धावतात. डोंगा मध्यावर पोचला, की पाळीपर्यंत ऐकू येतं:

"शेवटचा मी होतो जी, दट्ट्या मी लावीन!"

"अजी कायचे तुमी? शेवटचा मी!"