पिंपाचा हिमनांगर

टिपण बोलत होता. शाल्मलीला ते स्पष्ट दिसत होतं, कारण तो बोलू लागला की त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा शब्दागणिक लुकलुकायचा. पण ऐकू काहीच येत नव्हतं.

"टिपण, काय म्हणतोयस?" ती दारातून ओरडली. कुणी तोंडासमोर उशी धरावी तसा तिचा आवाज जागच्या जागी विरला. शंभरेक पावलांवर, मेंढ्यांच्या रिकाम्या वाड्यापाशी उभा असलेला तो यंत्रमानव वळलासुद्धा नाही. दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

दोन दिवस पडणारं हिम नुकतंच थांबलं होतं. वारा नाही, पाखरू नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. आभाळ पांढरं आणि जमीनही पांढरी. दोन्हींमधली रेघच कुणीतरी पुसून टाकली होती.

बारा वर्षांची शाल्मली कराडची. २०५१ सालच्या हिवाळ्यात ती आत्याकडे राहायला आली होती, स्पिती खोऱ्यातल्या लोसुम नावाच्या वस्तीवर. तिची वैजूआत्या तिथल्या लहानशा केंद्रात हिमाचा अभ्यास करायची. टिपण तिचा मदतनीस.

"आत्या, टिपणचा आवाज गेलाय!"

आत्या दारात आली. क्षणभर ऐकत राहिली. "गेला नाही गं. हिमाने खाल्ला."

"म्हणजे?"

"गाद्या-रजया रचलेल्या खोलीत बोलून पाहिलंयस कधी? आवाज कसा दबतो? तसंच हे. आवाज म्हणजे हवेची थरथर. ताज्या हिमाच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. थरथर त्यांत शिरते आणि आतल्या आत आपटून विझते. याला म्हणतात ध्वनिशोषण (आवाज शोषून घेणं)."

एरवी असं काही सांगताना आत्याचे डोळे चमकायचे. आज ती भिंतीकडे बघत होती. तिथे एक पिवळा दिवा होता. वळणापलीकडे, दोन किलोमीटरवर सोनम मेमे एकटेच राहायचे. मेमे म्हणजे तिकडच्या बोलीत आजोबा. ऐंशी वर्षांचे होते ते. त्यांच्या घरून दर तासाला 'मी बरा आहे' असा संदेश यायचा आणि पिवळा दिवा लागायचा.

काल दुपारपासून तो लागला नव्हता.

"चालत जाऊ या," शाल्मली म्हणाली.

"गुडघाभर हिम आहे, आणि दरीचा काठ दिसत नाही. शिवाय पोचलो तरी त्यांना आणायचं कसं? रस्ता साफ करणारं सरकारी यंत्र यायला चार दिवस लागतील." आत्या थांबली. मग तिची नजर अंगणातल्या जुन्या जीपवर गेली. "जीप चढेल. फक्त तिच्यापुढचं हिम कुणीतरी सारायला हवं."

"मग आपणच सारू!"

सकाळी नऊला त्या कामाला लागल्या. गोठ्यामागे तेलाचं रिकामं पिंप पडलं होतं. टिपणने ते उभं चिरलं. दोन अर्धी टोकाला टोक लावून बोल्टांनी जोडली, लांबी कमी पडली तिथे एक फळी ठोकली. झालं पातं! पिंपाचा बाक आयताच मिळाला होता. वर चढणारं हिम त्यावर वळून खाली पडणार, काचेवर येणार नाही. खालच्या काठाला जुन्या टायरची पट्टी लावली, म्हणजे दगडात अडकायला नको. मोडक्या लोखंडी पलंगाची चौकट पात्याच्या मागे बसवून ती जीपच्या सांगाड्याला जोडली. वर-खाली करायला कप्पी आणि दोर. एकही वस्तू विकत आणलेली नव्हती.

"हा आपला हिमनांगर," शाल्मली म्हणाली.

जीप निघाली. दहा पावलं, पंधरा पावलं. पात्यापुढे हिमाचा ढीग वाढत गेला, छातीइतका झाला. चाकं गरगरली आणि जीप थांबली. इंजिन बंद होताच ती शांतता पुन्हा भोवती येऊन बसली.

आत्याने कपाळाला हात लावला. "आपण सगळं हिम पुढेच ढकलत नेतोय. पावलागणिक ओझं वाढणारच."

शाल्मली खाली उतरली. जीपच्या बॉनेटवरही हिमाचा थर साचला होता. तिने तळहात सरळ धरून तो ढकलला. हातापुढे ढिगारा झाला. मग हात तिरपा धरून ढकलला. हिम घरंगळत हाताच्या कडेने खाली पडलं. हात हलका तो हलकाच!

"आत्या, पातं तिरपं लावू!"

आत्याने तिला जवळच ओढलं. "बरोबर! तिरप्या पात्यावर हिम साचत नाही, बाजूला निसटतं. ओझं वाढतच नाही."

"कुठल्या बाजूला सारायचं?"

"दरीकडे, उजवीकडे. पण लक्षात ठेव, आपण हिमाला उजवीकडे ढकललं की हिम आपल्याला डावीकडे ढकलतं. ही प्रतिक्रिया (ढकललेल्या वस्तूने उलट दिलेला धक्का). डावीकडे डोंगर आहे, म्हणजे आपण सुरक्षित. उलटं लावलं असतं तर जीप दरीकडे सरकली असती."

पातं तिरपं झालं. या वेळी जीप थांबली नाही. उजवीकडे हिमाची लाट उसळत राहिली. डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूला, पूर्वी घसरून आलेल्या हिमाची घट्ट भिंत उभी होती. पुढे मात्र सगळं कोरं. दरीच्या काठावरचे नारिंगी खांब दिसले तेवढाच आधार. सावल्याच नसल्याने चढ कळेना, उतार कळेना. मध्येच शाल्मलीला वाटलं, जीप उभीच आहे आणि खांबच आपल्याकडे चालत येताहेत.

वळणावर आत्याने इंजिन बंद केलं. "ऐकू या जरा."

टण्. टण्. टण्.

शाल्मलीने आत्याचा हात घट्ट धरला. आवाज डोंगराकडच्या पांढऱ्या भिंतीतून येत होता. भिंतीच्या आतून!

टण्. टण्. टण्.

"तिथे... तिथे कुणी गाडलं गेलंय?"

मागून चालत आलेला टिपण म्हणाला, "शाल्मली, मी आत्ता तुम्हाला हाक मारली. माझीच हाक मला त्या भिंतीतून परत ऐकू आली. सकाळी असं होत नव्हतं."

शाल्मलीचं डोकं चालू लागलं. ही भिंत घट्ट आहे. आतल्या पोकळ्या चेपल्या गेल्यात. मागचा रस्ताही आता उघडा, दगडी. मग आवाज खाणार कोण?

"आत्या, आवाज आतून नाही येत! भिंतीवर आपटून येतोय. खरा आवाज पुढून येतोय!"

आत्याने जीप सुरू केली.

मेमेंच्या छपरावरचं हिम घसरून दार आणि खिडकी गाडली गेली होती. धुराडंही बुजलं होतं, संदेशयंत्राची तार तुटली होती. फावड्यांनी उकरून दार उघडायला अर्धा तास लागला. आत गारठलेल्या अंधारात मेमे घोंगडीत बसले होते. एका हातात लोखंडी कढई, दुसऱ्यात पळी. दार उघडलं तरी त्यांचा हात वाजवतच होता.

टण्. टण्. टण्.

"मेमे, आम्ही आलोय," शाल्मलीने त्यांचा हात धरला. बोटं लाकडासारखी ताठरली होती.

मेमेंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "धूर कोंडायला लागला म्हणून चूल विझवली," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "कालपासून वाजवतोय. कुणाचीच ओ येईना. मला वाटलं, बाहेर आता कुणी उरलंच नाही."

आत्याने वळून डोळे पुसले. मग दोघींनी त्यांना रजईत गुंडाळून जीपमध्ये बसवलं. येताना ज्या रस्त्याला दोन तास लागले होते, तो परतताना दहा मिनिटांत संपला.

चौथ्या दिवशी मेमे उठून बसले. गरम थुकपा (शेवयांचं सूप) पिता पिता ते म्हणाले, "वरच्या वस्तीत सात मुलं आहेत. हिम पडलं की पाच महिने त्यांना खाली लोसुमच्या शाळेत येता येत नाही. तुमचं ते यंत्र तिथवर चढेल का?"

आत्याने शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीने कागद पुढे ओढला. चढावर पातं किती तिरपं हवं, याचं चित्र ती काढू लागली.

पुढच्या सोमवारी ती शाळेच्या दारात उभी होती. आभाळ पुन्हा पांढरं, जमीन पुन्हा पांढरी. मोकळा केलेला काळा रस्ता मधून वर गेलेला.

आधी हसण्याचे आवाज आले. मग वळणावरून मुलं दिसली.