नऊ सेकंद

मारुती सातपुते जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी माळवाडीच्या चपलांच्या कारखान्यात त्यांचे हात रोज सकाळी आठला कामाला लागत. एक नव्हे, बावीस जोड्या.

या विद्येला ‘हस्तवळण’ म्हणत. कारागिराच्या दंडाला तलम पट्टे बांधायचे, त्याच्या स्नायूंत उठणारी विजेची प्रत्येक लहर वर्षभर टिपायची आणि तीच यांत्रिक हातांत सोडायची. मग तो हात आरी धरतो, कातड्याच्या वादीने टाके घालतो, तेही त्या माणसासारखेच, अंगठा किंचित बाहेर काढून. माणूस गेला तरी कसब मागे राहतं.

डॉ. मृणाल हुपरीकर यांनी या विद्येवर कारखाना उभा केला, आणि तोही सचोटीचा. कातडं आपोआप मेलेल्या जनावराचं, ते कमावायचं बाभळीच्या सालीत, आणि वीज फक्त ‘ऊनवाट्या’तली. ऊनवाटा म्हणजे गावावर पडणाऱ्या उन्हातला कारखान्याचा ठरलेला हिस्सा. त्याबाहेर एक किरण घ्यायचा नाही, कारण उरलेल्या उन्हावर गावाचे पंप चालत. शिवाय हातांवर हक्क वारसाचा. त्यांत काही बदलायचं तर वारसाचा अंगठा हवा.

त्या अंगठ्यासाठीच मारुतीरावांच्या पत्नी गौराबाईंना बोलावलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. अकरा वर्षांत त्या इकडे फिरकल्या नव्हत्या, धीरच झाला नव्हता.

“आक्का, हे बघा,” मृणाल म्हणाली. “दर वादीला हात उजवीकडं पसरतो आणि नऊ सेकंद तसाच थांबतो. मग आमचा यांत्रिक चिमटा त्यात वादी ठेवतो. तो हात नुसता तोलून धरायलाही वीज लागते. यंदा आभाळ फार, ऊन कमी. हे थांबणं काढलं नाही, तर दोन महिने काम बंद. साल कुटणारी, कातडं कमावणारी चाळीस घरं बसून राहतील.”

गौराबाई त्या उघड्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या.

“थांबत न्हाईत गं ते. माझी वाट बघत्यात.”

“म्हणजे?”

“वादी कोरडी घातली तर टाका चिरतोय. मी उजव्या अंगाला बसून ती भिजवायची, दातानं टोक काढायची आन् त्यांच्या हातात द्यायची. लेकरू अंगावर पीत असलं तरी एका हातानं द्यायची. चाळीस वर्सं! तरणी हुते तवा चुटकीसरशी. मग बोटं आखडली, येळ लागाय लागला. पन ‘आटप’ म्हनून कधी म्हनालं न्हाईत.”

मृणालने त्या उघड्या तळव्याकडे पुन्हा पाहिलं. न्यायाचा एवढा डंका पिटलेल्या तिच्या कारखान्याने पट्टे बांधले होते ते फक्त पुरुषाच्या दंडाला. शेजारी बसलेल्या बाईकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. आता त्या बोटांच्या गाठी झाल्या होत्या, टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“चुकलं आमचं, आक्का,” ती म्हणाली. “राहू द्या ते थांबणं. मी दुसरा मार्ग काढते.”

गौराबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी एक वादी पाण्यात बुडवली, टोक दातात धरून पिळलं आणि जवळच्या तळव्यावर ठेवली. बोटं मिटली. टाका पडला. त्यांचे डोळे भरून आले. दुसरी दिली, तिसरी दिली. मग मान वर करून पाहिलं, तर उरलेले एकवीस तळवे पुन्हा तसेच उघडे पसरले होते.

“काढ ते,” त्या एकदम म्हणाल्या.

“आक्का, खरंच नको.”

“मी कुठंकुठं पुरू? आन् मी मेल्यावर काय? बावीस ठिकानी हात पसरून बसायचं त्यांनी? माझ्याबिगर कुनाकडं कधी काय मागितलं न्हाई बग त्यांनी. आन कागद.”

दुसऱ्या दिवसापासून हात न थांबता चालू लागले. चिमटे वादी भिजवून झटकन द्यायला शिकले. काम तीनलाच उरकू लागलं, चाळीस घरांची चूल पेटती राहिली, चपला होत्या तितक्याच घट्ट निघाल्या. गौराबाईंनी चाळीस वर्षं जे काम केलं, त्याची जगात तेवढीच एक खूण होती, नऊ सेकंदांची. ती त्यांच्याच अंगठ्याने पुसली गेली.