थोडं डावीकडे वळा

तो माझ्याकडे बघायला लागला, तो मीच सांगितलं म्हणून. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचा सगळा घोळ तुम्हाला कळायचा नाही.

मामाच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी कार्यक्रम असतो. शंभरेक खुर्च्या, लाकडी स्टेज, आणि बाजूच्या भिंतीला चिकटवलेलं माझं मिक्सरचं टेबल. खरं तर साऊंडवाल्याने हॉलच्या मधोमध बसायला हवं, पण मधल्या खुर्च्या मामाला सोडवत नाहीत. त्या रविवारी ठरलेल्या बँडच्या गायकाचा घसा बसला आणि ऐन वेळी त्यांच्या बदली हे चौघं आले. रॉक वाजवणारे. ड्रमवर एक खणखणीत आवाजाची बाई होती, तिला सगळे ताई म्हणत होते. गिटारवर तिचा सख्खा धाकटा भाऊ. ती त्याला बारक्या म्हणत होती, आणि हा बारक्या दारातून आत येताना वाकून आला होता.

त्याने गिटार जोडली आणि हॉलभर भुणभुण सुरू झाली.

"हे काय आहे?" मी माइकवरून विचारलं. "मधमाश्या पाळल्यात का?"

"माझी गिटार बरी आहे, मॅडम. तुमच्या वायरिंगचं बघा काय ते."

माझ्या वायरिंगला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. मी तरातरा स्टेजवर गेले. गिटार पातळ, टोकदार आवाजाची होती, तारांखाली एकेरी पिकअप असलेली. असलं पिकअप तारांचा आवाज पकडतं तसा आसपासच्या विजेचाही पकडतं. आमच्या स्टेजच्या कडेला दिव्यांचा मोठा बोर्ड आहे, त्याची सगळी भुणभुण ती गिटार इमानेइतबारे गोळा करत होती. यावर एक साधा उपाय असतो. वाजवणाऱ्याने जागच्या जागी हळूहळू वळायचं. एका दिशेला ती भुणभुण मरते.

मी टेबलाशी परत येऊन म्हटलं, "थोडं डावीकडे वळा."

तो वळला.

"अजून. अजून थोडं... थांबा!"

हॉल एकदम शांत झाला. आणि तो बरोबर माझ्याकडे तोंड करून उभा होता.

"असंच उभं राहायचं?"

"असंच."

"सगळा कार्यक्रम?"

"गिटार तुम्ही आणलीत. मी नाही."

"आणि डोळे? ते इकडेतिकडे फिरवले तर चालेल ना?"

"डोळ्यांना पिकअप नसतं."

"म्हणजे डोळे माझ्या मर्जीने," तो म्हणाला. आणि मर्जीने त्याने ते कुठेही फिरवले नाहीत.

आता माझ्याबद्दल. मी संशयी आहे. धंदाच तसा आहे. आवाज बिघडला की आधी वायरवर संशय घ्यायचा, मग जॅकवर, मग वाजवणाऱ्यावर. सगळं ठीक वाजत असेल तर जास्तच संशय घ्यायचा. मामा मला फौजदार म्हणतो. तेव्हा एखादा उंच, हसऱ्या डोळ्यांचा मुलगा दोन तास माझ्याकडे बघत वाजवतो म्हणून मी विरघळेन, असं समजू नका. तो त्या गिटारमुळे बघत होता. मला ठाऊक होतं. मीच तर वळवलं होतं त्याला.

लोकांना बँड आवडला, मामाने त्यांना पुढच्या रविवारीही बोलावलं, आणि त्याच्या पुढच्याही. तो दर वेळी तीच गिटार आणायचा. मी काही न सांगता तो डावीकडे वळायचा. एखादी तान मनासारखी जमली की भुवई किंचित उचलायचा, जणू विचारायचा, कशी होती? आणि मी उगाचच एखादा फेडर वर करून परत खाली आणायचे. फेडर म्हणजे मिक्सरवरची ती सरकती बटणं. त्या महिन्यात माझे फेडर नको तितके हलले.

कार्यक्रम संपला की तो केबल गुंडाळायला थांबायचा. पहिल्यांदा त्याने ती कोपरावर गुंडाळायला घेतली, तेव्हा मी ओरडलेच.

"मारताय तिला! आतली तार पिळवटते अशाने. एक वळसा आत, एक बाहेर. आणा इकडे."

"दाखवा ना... एकदा."

मी दाखवलं. त्याने परत चुकवलं. मी त्याचा हात धरून वळसा घालून दाखवला. त्याने तिसऱ्यांदा चुकवलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी अवघड बोटं फिरवणाऱ्या माणसाला केबल गुंडाळता येत नाही?

"तुम्ही मुद्दाम चुकताय."

"तुम्हाला नेहमीच असा संशय येतो का सगळ्यांचा?"

"हो."

"बरंय," तो हसून म्हणाला, "निदान सगळ्यांच्यात तरी मी आहे."

त्या दिवशी घरी जाताना मी सगळा वेळ हसत होते. मग स्वतःवरच चिडले.

पुढच्या रविवारी साऊंड चेकच्या आधी ताई माझ्याजवळ येऊन बसली. हातातल्या काठ्यांनी माझ्या टेबलावर ताल धरत म्हणाली, "अगं, पुढच्या रविवारी दौरा ठरवणाऱ्या बाई ऐकायला येताहेत आम्हाला. आवडलं तर दोन महिने गावोगाव कार्यक्रम. तेवढं बारक्याला सांग, जाड गिटार घेऊन ये म्हणावं. माझं ऐकत नाही तो."

"कुठली जाड गिटार?"

"अगं, त्याची नेहमीची! दुहेरी पिकअपवाली. तिच्यात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, एक दुसरीची भुणभुण खाऊन टाकते. कुठेही तोंड कर, नाव नाही आवाजाचं. बाकी सगळीकडे तीच वाजवतो. हे भुणभुणं फक्त तुमच्याकडे आणतो."

ताई उठून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले. फक्त आमच्याकडे? का?

पाणी कुठेतरी मुरत होतं. आणि कुठे ते मला दोन दिवसांनी दिसलं. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात तो आमच्या जुन्या साऊंडवाल्याबरोबर बसला होता. हा जुना साऊंडवाला मामाकडचं काम सोडून गेला आणि आता परत यायला टपला होता. दोघं खिदळत होते. मला पाहताच दोघांचंही हसू एकदम थांबलं.

मग सगळं जुळायला वेळ लागला नाही. मुद्दाम भुणभुणणारी गिटार आणायची. त्या बाईंसमोर आवाज बिघडवायचा. खापर माझ्यावर. मामा तर सकाळीच म्हणाला होता, "फौजदार, या रविवारी आवाजाची तक्रार आली तर मी जुन्याला बोलावणार. मग रुसायचं नाही." हे टेबल मी हट्टाने मिळवलं होतं. माझ्या त्या केबली, माझी ती बटणं. ते सगळं आता जुन्याच्या हातात जाणार होतं. आणि त्याहून जास्त जिव्हारी लागलं होतं ते दुसरंच, पण ते मी कुणाला सांगणार?

मी फोन करून त्याला सरळ विचारलं. "जाड गिटार का नाही आणत तुम्ही?"

तो गडबडला. "ती... तुमच्या हॉलला शोभत नाही. लाकडी स्टेज घुमतं. जाड गिटारचा बेसमध्ये मिसळून चिखल होतो. ही पातळ आहे, पण सगळ्यांतून कापत शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते. तुम्हालाच माहिती आहे."

मला माहिती होतं. खरंच तसं होतं. तीच तर पंचाईत... खोटं बोलला असता तर पकडता आलं असतं.

"आणि चहाच्या दुकानात?"

"चहा प्यायलो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मग मी माझी युक्ती काढली. शनिवारी मामाला म्हटलं, दाराजवळून आवाज जास्त नीट ऐकू येतो, आणि टेबल उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेलं, स्टेजच्या उजव्या अंगाला तिरकं. भुणभुण मरायची ती दिशा काही बदलत नव्हती, ती डावीकडेच होती. आता बघू, म्हटलं. गिटारसाठी वळतो की... की कशासाठी, ते मी मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

रविवारी तो आला. तीच गिटार! त्याने जुन्या जागेकडे पाहिलं. तिथे आता पाण्याचं पिंप होतं. मग त्याला मी दाराशी दिसले. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात ताईने ताल धरला. तो डावीकडे वळला, पिंपाकडे तोंड करून. माझ्याकडे त्याची पाठ आली.

झालं. कळलं मला उत्तर. भुणभुण नसली की त्याला पिंपही चालत होतं. मी मान खाली घालून काम करत राहिले. आवाज मात्र काचेसारखा स्वच्छ ठेवला, काही झालं तरी तो माझा आवाज होता. दौऱ्यावाल्या बाई दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. पाठ सुंदर होती हो त्याची, पण पाठीकडे बघून कुणाचं पोट भरलंय?

चौथं गाणं त्यांचं सगळ्यात आवडतं. त्यात मध्येच सगळे एकदम थांबतात. ड्रम, बेस, गाणारा, सगळे. पूर्ण शांतता. आणि त्या शांततेतून बारक्याचा एकच सूर वर येतो. तिथे टाचणी पडली तरी ऐकू यावी.

सगळे थांबले. आणि तो वळला.

डावीकडून उजवीकडे, हळूहळू, पिंपाकडे पाठ करत, थेट माझ्याकडे. हेडफोनमध्ये मी तेव्हा फक्त त्याचाच चॅनल ऐकत होते, का ते विचारू नका. तो वळू लागला तशी भुणभुण उठली, वाढत गेली. अजून एक क्षण, आणि ती सगळ्या हॉलभर घुमली असती. दौरा गेला असता, माझं टेबलही. तरी तो वळत होता!

माझा हात माझ्याआधी हलला. त्याचा फेडर मी सर्रकन खाली ओढला.

त्याचा स्पीकर मी पहिल्या दिवसापासून मागच्या खोलीत माइकसमोर ठेवलेला, म्हणून फेडर खाली आला की हॉलमध्ये त्याचा आवाज शून्य. लोकांना फक्त शांतता ऐकू आली. हेडफोनवर फेडरचा परिणाम होत नाही, म्हणून माझ्या कानात मात्र ती भुणभुण चालू होती, मोठ्ठी, वेडी, फक्त माझ्यासाठी. तो माझ्याकडे बघत होता. भुवई उचलली नाही या वेळी. नुसता बघत होता, आणि मला त्याच्या डोळ्यांतलं सगळं कळत होतं, आणि मला रडू येत होतं.

मग तो परत डावीकडे वळला. मी फेडर वर नेला. त्याचा सूर आला, आणि लोक खुर्च्यांवरून उठले.

कार्यक्रम संपल्यावर दौऱ्यावाल्या बाई ताईला म्हणाल्या, "ती मधली शांतता कुणाची कल्पना? इतकी लांब शांतता धरायला हिंमत लागते. येताय तुम्ही दौऱ्यावर." ताईने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काठ्या पिशवीत भरता भरता म्हणाली, "आम्ही सगळं ठरवूनच करतो."

तो केबल घेऊन आला. एक वळसा आत, एक बाहेर. अगदी अचूक.

"येत होतं ना तुला!" तुम्हीचं तू कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि ही गिटार?"

"पहिल्यांदा जाड गिटार दुरुस्तीला होती, म्हणून ही आणली. मग तू मला वळवलंस." तो केबलीकडे बघत बोलत होता. "जाड गिटारला कुठेही वळलं तरी चालतं. मग तुझ्याकडे बघायला कारण काय सांगू? तू तर कारणाशिवाय काही मानत नाहीस. चहाच्या दुकानात तेच विचारत होतो, या मुलीला काही सांगायचं कसं. तुमचा जुना साऊंडवाला म्हणाला, तिला सांगू नकोस, ती दोनदा तपासते. ऐकव."

"आणि मी फेडर ओढला नसता तर?"

"तर सगळ्यांना कळलं असतं," तो म्हणाला. "चालणार होतं मला."

मी त्याचा हात धरला. केबल गुंडाळायची नव्हती, तरी.

दौऱ्यावर जाताना तो ती पातळ गिटार माझ्या टेबलावर ठेवून गेला. "जाडच नेतोय. तिकडे कुणाकडे वळायचंय मला?"

"बोलायला काय जातं," मी म्हटलं.

सवय जात नाही. पहिला कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मी तिथल्या साऊंडवाल्याचा नंबर मिळवून फोन लावला. धंद्यातलीच चौकशी आहे असं भासवत विचारलं, गिटारची भुणभुण वगैरे काही आली का?

"छे! एकदम स्वच्छ वाजतो पोरगा," तो म्हणाला. "फक्त एक विचित्र सवय आहे त्याला. चौथ्या गाण्यात सगळे थांबले ना, की हा डावीकडे वळून भिंतीकडे बघत राहतो. मी जाऊन बघितलं, तिथे काहीच नाही हो."

मी फोन ठेवला, मामाला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी मिळून पिंप हलवून टेबल परत जुन्या जागी नेलं.